४५४ ग्रॅम हा आकडा आला कुठून?

अमेरिकेतून आलेल्या पीनट बटरच्या बरणीवर ४५४ ग्रॅम असा अडनिडा आकडा दिसतो. बरणी मुळात एका पौंडाची, म्हणजे १६ औंसांची. ग्रॅम तिच्यावर नंतर आले, तेही कायद्याने. अमेरिकी काँग्रेसने १९८८ साली मेट्रिक पद्धत व्यापारासाठी पसंतीची ठरवली, पण पौंड हद्दपार करायला ती धजली नाही. १९६६ च्या वेष्टन-लेबल कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती झाली आणि फेब्रुवारी १९९४ पासून बहुतेक घरगुती वस्तूंवर दोन्ही मापे छापणे सक्तीचे झाले. दारूचे गणित निराळे: वाइनच्या बाटल्या तिथे १९७९ पासूनच मेट्रिक मापाच्या आहेत.

खरी पंचाईत युरोपमुळे झाली. तिथल्या १९७९ च्या निर्देशाप्रमाणे मेट्रिकशेजारी जुने माप छापायला फक्त ठरावीक काळापुरती मुभा होती. ही मुदत १९८९ अखेरीस संपायची, ती १९९९ पर्यंत वाढली, मग २००९ पर्यंत. ती खरोखर संपली असती तर अमेरिकेत ज्याच्याशिवाय माल विकता येत नाही तो औंस युरोपात बेकायदा ठरला असता आणि एकाच मालासाठी दोन वेगळी लेबले छापावी लागली असती. दोन्हीकडच्या उद्योगांनी ओरड केली. शेवटी २००९ मध्ये युरोपने मुदतच काढून टाकली. बातम्यांत मात्र गाजले ते इंग्लंडमधल्या संडरलंडचे भाजीविक्रेते स्टीव्ह थोबर्न; पौंडाच्या काट्यावर केळी विकल्याबद्दल २००१ मध्ये ते दोषी ठरले होते.

भारताने शेर, मण आणि तोळा यांना १९५६ च्या कायद्याने निरोप दिला. मेट्रिक वजने ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली. सध्याचा वैध मापन कायदा २००९ चा, लागू १ एप्रिल २०११ पासून. त्याच्या कलम ११ नुसार पाकिटावरचे निव्वळ वजन प्रमाणित एककातच सांगावे लागते. निर्यातीला मात्र त्यात सूट आहे, म्हणून इथून अमेरिकेला जाणाऱ्या मसाल्याच्या पाकिटावर औंस छापता येतात.

आयात मालावर आयातदार आपले नाव-पत्ता आणि कमाल किमतीचा स्टिकर लावतो, पण आतली बरणी पौंडाचीच राहते. पातळ पदार्थ घेताना तर मिलिलिटरच पाहावेत: अमेरिकी द्रव औंस सुमारे २९.५७ मिलिलिटरचा, ब्रिटिश २८.४१ चा.