जेलीफिनची परमिशन वेगळी, लिनक्सची वेगळी

घरच्या लिनक्स सर्व्हरवर जेलीफिन (आपल्याकडचे सिनेमे घरातल्या टीव्ही-फोनवर दाखवणारा प्रोग्राम) बसवलं, लायब्ररी म्हणजे सिनेमांचा फोल्डर जोडला आणि आत एकही सिनेमा दिसत नाही. अशा वेळी बहुतेक जण डॅशबोर्डवरच्या ‘युजर्स’मध्ये जाऊन एकेका खुणेशी खेळत बसतात. तिथे काही सापडत नाही, कारण प्रश्न तिथला नसतोच.

जेलीफिनमध्ये आई, मुलगा, पाहुणे अशी कितीही अकाउंट काढा, ती जेलीफिनच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये राहतात. लिनक्सला त्यांचा पत्ताही नसतो. उबंटू किंवा डेबियनवर नेहमीचं पॅकेज टाकलं, तर सर्व्हर ‘जेलीफिन’ नावाच्या एकाच सिस्टीम युजरच्या नावाने चालतो. सिनेमा आई लावो की मुलगा, डिस्कवरची फाइल उघडणारा तो एकच. त्याला फोल्डर बंद असेल तर घरात कुणालाच काही दिसणार नाही, जेलीफिनच्या अॅडमिनलासुद्धा नाही.

यूएसबी हार्ड डिस्कच्या बाबतीत हे फार होतं. उबंटू डेस्कटॉप ती ‘मीडिया’ फोल्डरात, तुमच्या लॉगिनच्या नावाच्या फोल्डराखाली जोडतो आणि त्या मधल्या फोल्डरात शिरायची मुभा फक्त तुम्हाला देतो. तुम्हाला सगळं दिसतं, व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये चालतंही, म्हणून संशय येत नाही. मग कुणीतरी सांगतं, सिनेमांच्या फोल्डरवर सीएचमॉड ७७७ मार, म्हणजे सगळ्यांना सगळी मुभा देणारी कमांड. उपयोग शून्य, कारण अडथळा एक पायरी वर आहे. आत पोचायला वाटेतल्या प्रत्येक फोल्डरची एक्झिक्यूट परमिशन, म्हणजे आत शिरायची मुभा, लागते. डिस्क एनटीएफएस (विंडोजची पद्धत) असेल तर सीएचमॉडने सहसा काहीच बदलत नाही, तिथल्या परमिशन डिस्क माउंट करतानाच, म्हणजे जोडतानाच ठरतात. कोणती डिस्क कुठे जोडायची हे लिहिलेल्या एफएसटॅब फाइलमध्ये नोंद करून डिस्क ‘एमएनटी’ फोल्डराखाली कायमची जोडावी, हे बरं. खात्री करायची तर टर्मिनलवर सुडो या कमांडने ‘जेलीफिन’ युजर होऊन त्या फोल्डरची यादी मागा. नकार आला, तर डॅशबोर्डला हात लावू नका. जेलीफिन डॉकरमध्ये, म्हणजे वेगळ्या बंद डब्यात, चालवणाऱ्यांनी नावाऐवजी युजरचा क्रमांक आतबाहेर जुळतोय का ते बघावं.

आता उलट बाजू. मुलाला ठरावीकच लायब्ररी दाखवायची असेल तर लिनक्सच्या परमिशन कुचकामी. ते काम जेलीफिनमधल्या त्याच्या अकाउंटचं. तिथे लायब्ररी निवडता येते, वयाच्या रेटिंगची मर्यादा घालता येते, वेळही ठरवता येते. रेटिंगवर एकट्यावर मात्र विसंबू नका. ज्या फाइलला रेटिंगच नाही ती मर्यादेतून निसटते. रेटिंग नसलेलं अडवायची खूण वेगळी आहे, ती करावी लागते. आणि तोच फोल्डर सांबावरून (घरच्या नेटवर्कवर फोल्डर वाटायची सोय) बिनपासवर्डचा शेअर केलेला असेल, तर मुलगा व्हीएलसीतून थेट तिथे जाईल. जेलीफिनला कुणी विचारणारही नाही.

फाइल डिलीट करताना मात्र दोन्ही परवानग्या लागतात: अकाउंटला डिलीटची मुभा आणि ‘जेलीफिन’ युजरला फोल्डरात लिहायची. माझं मत, दुसरी देऊच नये. पोस्टर आणि माहितीच्या फाइली सिनेमाशेजारी साठवता येणार नाहीत, एवढाच तोटा. त्या सर्व्हरच्या स्वतःच्या फोल्डरात राहू द्या. इथून उडवलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही, आणि लग्नाच्या व्हिडिओची दुसरी प्रत बहुतेक घरांत नसते.