एफटीआयआर पुसट करतं, ड्युअल-कोम्ब चुकवतं

एफटीआयआर आणि ड्युअल-कोम्ब ही दोन्ही वर्णपट मोजणारी यंत्रं, म्हणजे पदार्थ कोणत्या वारंवारतेचा प्रकाश किती शोषतो ते दाखवणारी. ‘ड्युअल-कोम्ब म्हणजे हलता आरसा काढून टाकलेलं एफटीआयआर’ हे वाक्य इतक्यांदा छापलं जातं की ते आता कुणी तपासूनही बघत नाही. ते निम्मं खरं आहे. उरलेल्या निम्म्यापायी लोक नको ते यंत्र मागवतात आणि चांगल्या मोजणीवर चुकीचं मॉडेल बसवतात.

एफटीआयआर (फूरिए रूपांतर अवरक्त वर्णपटमापक) प्रकाश दोन वाटांनी पाठवतं, एका वाटेतला आरसा हलवतं आणि दोन्ही प्रकाश पुन्हा एकत्र करतं. त्यातून मिळालेल्या चढउतारांच्या नोंदीवरून, म्हणजे इंटरफेरोग्रामवरून, फूरिए रूपांतराच्या गणिताने वर्णपट निघतो. ड्युअल-कोम्बमध्ये दोन मोड-लॉक्ड लेसर असतात, म्हणजे ठरलेल्या लयीत अतिशय छोटे पल्स सोडणारे. एकाचा पल्स-दर समजा १०० मेगाहर्ट्झ, दुसऱ्याचा त्याहून ५०० हर्ट्झने जास्त. दुसऱ्याचे पल्स पहिल्याच्या पल्सवरून जरा जरा सरकत पुढे जातात. आरशाचं काम हे सरकणंच करतं. वारंवारतेच्या अंगाने पाहिलं तर प्रत्येक लेसरचा प्रकाश कंगव्यासारखा (कोम्ब) असतो, दर १०० मेगाहर्ट्झवर एक अरुंद वारंवारता, म्हणजे एक दात, आणि दोन्हींकडच्या जोडीदार दातांचे बीट्स (दोन वारंवारतांमधल्या फरकाचे ठोके) रेडिओ वारंवारतेत उतरतात. १० टेराहर्ट्झचा प्रकाश ५० मेगाहर्ट्झमध्ये बसतो. त्याहून रुंद प्रकाश आत सोडला तर वर्णपट स्वतःवरच दुमडतो, म्हणून ऑप्टिकल फिल्टर आधी लावायचा. २ मिलिसेकंदांत एक इंटरफेरोग्राम पुरा होतो.

खरा घोळ रिझोल्यूशनचा, म्हणजे वर्णपटातला किती बारीक तपशील दिसतो याचा आहे.

एफटीआयआरमध्ये ते आरशाच्या प्रवासावर ठरतं. दोन वाटांमधला मार्गफरक २ सेंटिमीटर असेल तर रिझोल्यूशन साधारण ०.५ प्रति सेंमी (हे वारंवारता सांगण्याचंच एक एकक). इंटरफेरोग्राम तिथेच तुटतो, म्हणून प्रत्येक शोषणरेषा (वायू जिथे प्रकाश शोषतो ती वर्णपटातली खाच) यंत्राच्या स्वतःच्या रेषाकाराने (यंत्रामुळे रेषेला येणाऱ्या आकाराने) फासली जाते: रुंद होते, उथळ होते, पण तिचं क्षेत्रफळ बऱ्यापैकी टिकतं. यंत्र पुसट दाखवतं, पण रेषा गाळत नाही.

ड्युअल-कोम्बमध्ये इंटरफेरोग्राम तुटत नाही, तो पुन्हा पुन्हा येतो. बरोबर एका आवर्तनाचं फूरिए रूपांतर घेतलं की प्रत्येक बिंदू थेट एका दातावर पडतो आणि शेजारच्या दाताचं काही त्यात झिरपत नाही. लॉक केलेल्या (वारंवारता स्थिर बांधून ठेवलेल्या) लेसरचा दात किलोहर्ट्झ किंवा त्याहूनही अरुंद असू शकतो. म्हणजे त्या वारंवारतेला वायूने जेवढा प्रकाश शोषला तेवढाच दिसतो, यंत्राचा रेषाकार मध्ये येत नाही. मात्र दोन दातांच्या मधे काय चाललंय ते अजिबात दिसत नाही.

म्हणून कोम्बच्या बाबतीत दोन आकडे वेगळे ठेवावे लागतात: दाताची जाडी आणि दातांमधलं अंतर. माहितीपत्रकात पहिला आकडा ‘रिझोल्यूशन’ म्हणून मिरवतो; तुमचं काम मात्र बहुधा दुसऱ्यावर अडतं. हवेच्या दाबाला १.६५ मायक्रोमीटरजवळची मिथेनची रेषा साडेतीन गिगाहर्ट्झच्या आसपास रुंद असते. १०० मेगाहर्ट्झच्या कोम्बचे तिच्यावर पस्तीसेक दात पडतात, चैन आहे. अमेरिकेत बोल्डरमध्ये एनआयएसटी या राष्ट्रीय मापन-संस्थेच्या गटाने २०१४ मध्ये २ किलोमीटरच्या उघड्या हवेतून हरितगृह वायू मोजले, ते याच अंतराच्या दातांनी. आता मध्य-अवरक्तातली तेवढीच रुंद रेषा १० गिगाहर्ट्झ अंतराच्या क्वांटम कॅस्केड (एका जातीच्या अर्धवाहक लेसरच्या) कोम्बने बघा. ती दोन दातांच्या मधे पडू शकते आणि वर्णपट जवळजवळ स्वच्छ, सपाट दिसतो. वायू समोर असतानाही. ०.३३ प्रति सेंमीच्या एफटीआयआरने हीच रेषा उथळ का होईना, नोंदवली असती.

‘मग जास्त वेळ मोजू’ हा त्यावरचा उपाय नाही. शंभर इंटरफेरोग्राम सलग जोडून रूपांतर केलं तर दात सुटे सुटे दिसतात, पण मधल्या जागेत फक्त गोंगाट असतो. इंटरफेरोग्रामच्या शेवटी शून्यं जोडून वक्र गुळगुळीत करणं त्याहून वाईट, कारण तो आलेख मोजलेला असल्याचा भास होतो. खरा उपाय दात सरकवण्याचा. १.६५ मायक्रोमीटरला १०० मेगाहर्ट्झच्या कोम्बचा दात-क्रमांक सुमारे १८ लाख असतो. त्यामुळे पल्स-दर जेमतेम २७.५ हर्ट्झने बदलला की दात निम्मं अंतर सरकतात. लेसरच्या आत प्रकाश जिथे फिरतो त्या ३ मीटर मार्गाच्या रिंग कॅव्हिटीत हे एक मायक्रोमीटरहूनही कमी ताणाचं काम आहे, पिझो (व्होल्टेज दिलं की किंचित लांबणारा तुकडा) ते सहज करतो. दोन्ही लेसर सारखेच सरकवायचे, नाहीतर दरांमधला फरक बदलतो आणि आडवा अक्षच चुकतो.

उलट दिशेची चूकही रोजची आहे. गोंगाट कमी करायला इंटरफेरोग्रामचा मधला उंच भाग तेवढा कापून घेतात आणि लेखात रिझोल्यूशन मात्र दाताचं लिहितात. कापलंत की तुम्ही त्याचं एफटीआयआर केलंत, रेषाकार परत आला. आणि कापलं नसेल तर हायट्रानवरून (वायूंच्या शोषणरेषांच्या माहितीसंचावरून) काढलेलं मॉडेल १०० मेगाहर्ट्झच्या काल्पनिक रेषाकाराने फासू नका. दातांच्या नेमक्या वारंवारतांना त्याच्या किमती काढा, झालं.

वेगाचा गाजावाजा थोडक्यात: २ मिलिसेकंदांचा एक इंटरफेरोग्राम सहसा गोंगाटात बुडालेला असतो. सरासरी सेकंद-मिनिटं घ्यावीच लागते आणि तोवर दोन लेसरांची परस्पर फेज (लहरींचा मेळ) टिकली पाहिजे, लॉकने किंवा नंतर गणिताने. टिकली नाही तर सरासरीत सिग्नलच झिजतो. उघड्या हवेत मात्र या वेगाचा खरा फायदा आहे: हवेच्या खळबळीने प्रकाश कमी-जास्त झाला तरी सगळे दात एकदमच कमी-जास्त होतात.

नमुना कुठे ठेवता हेही लिहून ठेवा. दोन्ही कोम्ब वायूतून गेले तर पूर्ण अब्सॉर्बन्स (शोषणाचं माप) मिळतो. एकच गेला तर बीटमध्ये त्याचं विद्युतक्षेत्र तेवढं क्षीण होतं, म्हणून बीटच्या उंचीवरून अब्सॉर्बन्स निम्माच निघतो. सोबत फेजची माहितीही मिळते. हा दोनाचा गुणक विसरला की सांद्रता बरोबर निम्मी येते आणि रेषांचा आकार इतका सुरेख जुळलेला असतो की कुणाला शंका येत नाही.

डिटेक्टर संपृक्त होतोय का (प्रकाशाच्या प्रमाणात सिग्नल वाढेनासा झालाय का) हे बघायला प्रकाश निम्मा करा. रेषेची सापेक्ष खोली बदलली तर आधी जास्त प्रकाश होता. तळरेषेवर लाटा दिसल्या तर फायबरला तिरक्या टोकाचे एपीसी कनेक्टर आणि सेलला पाचराकार काच लावा. ३ मिलिमीटरच्या समांतर काचेच्या लाटा सुमारे ३४ गिगाहर्ट्झच्या असतात, आणि दाटीने बसलेल्या रेषांमध्ये त्या बेमालूम मिसळतात.

द्रव, पॉलिमर, अनोळखी पावडर, किंवा ४०० ते ४००० प्रति सेंमी एकाच झटक्यात हवं असेल तर बाकावरचं एफटीआयआरच घ्या. ठरावीक वायू, लांब मार्ग आणि दिवसरात्र मोजणी असेल तर १००–२०० मेगाहर्ट्झचा फायबर कोम्ब. वायूसाठी १० गिगाहर्ट्झचा कोम्ब कुणी पुढे केला तर दात सरकवायची सोय आहे का, हे किमतीच्या आधी विचारा.