दयाळ

गोव्यात घरामागच्या परसात, कुळागरात (माड-पोफळीच्या बागेत) आणि गावालगतच्या झाडीत बाराही महिने राहणारा लहान गाणारा पक्षी. शास्त्रीय नाव कॉप्सिकस सॉलॅरिस. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये ते दिले. पूर्वी दयाळाची गणना कस्तुरांच्या कुळात होत असे, आता तो माशीमारांच्या कुळात धरला जातो. बांगलादेशाचा तो राष्ट्रीय पक्षी आहे.

शेपटी धरून लांबी सुमारे १९ सेंमी. नराचे डोके, छाती व पाठ चकचकीत काळी, पोट पांढरेशुभ्र आणि पंखावर ठळक पांढरा पट्टा. मादीत काळ्याच्या जागी करडा रंग असतो. उघड्या माळावर, दगडधोंड्यांत दिसणारा चीरक हा पक्षी पाहून नवख्याची फसगत होते. पण चीरकाचे पोट पांढरे नसते आणि त्याच्या शेपटीखाली तांबूस रंग असतो. मोले, बोंडला भागातल्या दाट रानात दयाळाचा सख्खा नातलग शामा राहतो. त्याचे पोट नारिंगी असते व शेपूट बरीच लांब.

दयाळाशी ओळख करून घ्यायला रानात जावे लागत नाही. एकच परस निवडावे आणि तिथल्या एका जोडीकडे वर्षभर लक्ष ठेवावे. नर आपली हद्द राखून असतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा त्याच त्या जागांवर दिसतो. मार्चच्या सुमारास, उजाडण्याआधीच, माडाच्या झावळीवरून किंवा विजेच्या खांबावरून त्याची शीळ सुरू होते. ती नुसती ऐकून सोडू नये, तिचे तुकडे कान देऊन वेगळे करावेत. तो एकच ओळ घोळवीत नाही. लकेरी बदलतो, मध्येच इतर पक्ष्यांचे आवाज मिसळतो. थोड्या दिवसांत शेजारच्या दोन नरांची गाणी वेगळी ओळखू येऊ लागतात, आणि मग हा पक्षी आपल्याला ‘एक दयाळ’ न राहता ‘आपला दयाळ’ होतो. विणीचा हंगाम सरला की गाणे थांबते. उरतो फक्त रागावलेला ‘चर्र’ आणि एक बारीक, करुण ‘स्वी’. पुष्कळांना वाटते पक्षी निघून गेला. तो तिथेच, पालापाचोळ्यात किडे टिपत, शेपटी उभारून उड्या मारत असतो. तिन्हीसांजेला बाकीचे पक्षी विसाव्याला गेले तरी त्याची लगबग चालूच असते.

घरटे झाडाच्या ढोलीत किंवा चिऱ्याच्या जुन्या भिंतीतल्या भोकात. अंडी बहुधा ४ ते ५, फिकट निळसर-हिरवी, तपकिरी ठिपक्यांची. ती मादी एकटीच उबवते. पिल्लांना भरवण्याचा भारही जास्त तीच उचलते.

गोड गळा या पक्ष्याला महागात पडला आहे. सिंगापुरात पकडून विकल्यामुळे आणि बाहेरून आणलेल्या साळुंक्यांशी स्पर्धा करावी लागल्यामुळे १९७० च्या दशकात तो जवळजवळ नाहीसा झाला होता. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पकडणे व पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा आहे. गोव्यात जुनी घरे पाडून सिमेंटच्या सपाट भिंती उठतात तिथे घरट्याच्या जागा कमी होतात. यावर सोपा उपाय आहे: वाळके पण ढोलीचे झाड धोका नसेल तर उभे ठेवणे, पाचोळा न जाळणे आणि मांजर पोहोचणार नाही अशा उंचीवर लाकडी पेटी टांगणे. अशा पेटीत दयाळ घरटे करतो.