वर्ट थंड करताना शेवटचे दहा अंश

दुधाला विरजण लावायचे तर ते आधी कोमट होऊ द्यावे लागते. उकळत्या दुधात विरजणातले जीवाणू मरतात आणि दही लागत नाही. बिअर बनवणाऱ्यापुढेही हाच प्रश्न असतो, फक्त त्याला फार वेळ वाट पाहणे परवडत नाही. मोड आणून वाळवलेल्या जवाचा, म्हणजेच माल्टचा, गोड अर्क काढून तो हॉप्सबरोबर, म्हणजे बिअरला कडूपणा आणि सुगंध देणाऱ्या एका वेलीच्या फुलांबरोबर, तासभर उकळतात. या द्रवाला वर्ट म्हणतात आणि एल जातीच्या बिअरचे यीस्ट, म्हणजे साखरेचे मद्य करणारी सूक्ष्म बुरशी, घालण्यासाठी तो साधारण २० अंश सेल्सिअसपर्यंत उतरवावा लागतो.

घाईची कारणे तीन आहेत. वर्ट ६० अंशांच्या खाली आला की त्यातल्या साखरेवर यीस्टच्या आधी भलतेच सूक्ष्मजीव ताव मारू लागतात. माल्टमधल्या एका संयुगापासून उष्णतेने डायमिथाइल सल्फाइड तयार होते. उकळी असेपर्यंत ते वाफेबरोबर निघून जाते, पण आच बंद करून भांडे झाकून ठेवले तर ते आतच साठते आणि बिअरला उकडलेल्या मक्याचा वास येतो. शिवाय झटकन गार केलेल्या वर्टमध्ये प्रथिने आणि पॉलिफेनॉल ही तुरट वनस्पतिजन्य संयुगे एकत्र येऊन त्यांचा साका चांगला बसतो. बेल्जियममधल्या ब्रुसेल्सच्या परिसरातले लॅम्बिक ही आंबट बिअर बनवणारे मात्र थंडीच्या महिन्यांत उथळ, उघड्या टाक्यांत वर्ट मुद्दाम रात्रभर ठेवतात, कारण हवेतले सूक्ष्मजीवच त्यांना हवे असतात.

महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवता येत नाही. अमेरिकेत १९७८ साली जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरच्यापुरत्या बिअरवरचे केंद्रीय निर्बंध उठले आणि गॅरेजमध्ये २० लिटरचे हंडे उकळू लागले. एवढा वर्ट १०० वरून २० अंशांवर आणायचा तर सुमारे ६,७०० किलोज्यूल उष्णता, म्हणजे जवळजवळ दोन युनिट विजेइतकी ऊर्जा, काढून घ्यावी लागते. केवळ बर्फावर भिस्त ठेवली तर तो १६ किलो लागेल.

म्हणून तांब्याच्या नळीचे वेटोळे वर्टमध्ये बुडवून त्यातून नळाचे पाणी सोडतात. उकळी संपण्याआधी पंधरा मिनिटे ते हंड्यात सोडले की आपोआप निर्जंतुक होते. सुरुवातीला दुसऱ्या टोकातून हात भाजेल इतके कढत पाणी येते, ते भांडी घासायला उपयोगी पडते. मग वेग मंदावतो. उष्णतेचा प्रवाह तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात असतो: पाणी २५ अंशांचे असेल तर ९५ अंशांच्या वर्टशी फरक ७० असतो, ३० अंशांच्या वर्टशी जेमतेम ५, म्हणजे वेग चौदा पटींनी घटलेला. नळाचे पाणीच २५ अंशांचे असेल तर वर्ट २० वर येणे अशक्यच. अशा वेळी ३५-४० अंशांपर्यंत नळाचे पाणी वापरून पुढे बर्फाचे पाणी छोट्या पंपाने फिरवणे शहाणपणाचे. सुरुवातीलाच बर्फ ओतणे म्हणजे तो वाया घालवणे.

तांबे की स्टील, यावर हौशी मंडळी बराच वाद घालतात. तांबे उष्णता कितीतरी चांगली वाहते हे खरे, पण नळीची भिंत इतकी पातळ असते की खरा अडथळा धातूचा नसतो. तो वेटोळ्याला चिकटून राहिलेल्या, आधीच गार झालेल्या वर्टच्या थराचा असतो. वेटोळे धरून हलके हलके हलवत राहिले की हा थर मोडतो आणि बाहेर पडणारे पाणी लगेच पुन्हा गरम लागू लागते. माझ्या मते महागडी नळी घेण्यापेक्षा हात हलवणे अधिक फायद्याचे.

पाण्याची चणचण असलेल्या ऑस्ट्रेलियात अनेकांनी हा खटाटोपच सोडला. ते उकळता वर्ट उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये काठोकाठ भरतात, झाकण घट्ट लावून कॅन आडवा करतात, म्हणजे झाकणाची आतली बाजूही निर्जंतुक होते, आणि तो आपसूक निवू देतात. मात्र असा वर्ट महिनोन्‌महिने साठवणे धोक्याचे आहे, कारण त्याची आम्लता बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जीवाणूला रोखण्याइतकी नसते. शिवाय कॅनमध्ये तो बराच वेळ गरम राहत असल्याने हॉप्समधला कडूपणा उतरतच राहतो. त्यामुळे उकळीच्या शेवटी सुगंधासाठी घालायचे हॉप्स ही मंडळी आणखी उशिरा, कधी थेट कॅनमध्येच, टाकतात.