बस

बस : अनेक उतारूंना भाडे घेऊन ठरावीक मार्गाने नेणारे वाहन. इंग्रजी ‘ऑम्निबस’चे हे लघुरूप एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात रूढ झाले. ‘ऑम्निबस’ हे लॅटिन ‘ऑम्निस’ (सर्व) या शब्दाच्या चतुर्थीचे अनेकवचन, अर्थ ‘सर्वांसाठी’. त्यातला ‘बस’ हा विभक्तिप्रत्ययाचा अंश आहे. ‘सर्वांना’मधला ‘ना’ तेवढा उरावा आणि त्याची गाडी व्हावी, तसे हे झाले. पुढे मिनीबस, ट्रॉलीबस हे शब्द याच तुकड्यावर उभे राहिले.

व्युत्पत्तीबद्दल वाद नाही. तो आहे हे नाव गाडीला कसे मिळाले याबद्दल. फ्रान्समधील नँट शहरात स्तानिस्लास बोद्री याने बहुधा 1826 च्या सुमारास आपल्या स्नानगृहाकडे जाणाऱ्या घोडागाड्या सुरू केल्या. थांब्याजवळ ओम्नेस नावाच्या टोपीवाल्याचे दुकान होते, त्यावर ‘ओम्नेस ऑम्निबस’ अशी श्लेषयुक्त पाटी होती आणि गाडीने तेच नाव उचलले, असे सांगतात. कथा खुमासदार आहे. पण या दुकानाचा भक्कम समकालीन पुरावा नसल्याने ती मागाहून रचलेली असावी, असेही मत आहे. ‘सर्वांसाठीची गाडी’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दप्रयोगातून नाव आले, हे मानणे अधिक सयुक्तिक. पॅरिसमध्ये 1662 साली गणितज्ञ ब्लेझ पास्कालच्या पुढाकाराने ठरावीक मार्गाच्या गाड्या धावल्या होत्या. मात्र त्यांत सैनिक व नोकरचाकर यांना मज्जाव होता. लंडनमध्ये जॉर्ज शिलिबियरची ऑम्निबस 4 जुलै 1829 रोजी पॅडिंग्टन–बँक मार्गावर सुरू झाली.

मराठीत हा शब्द येण्याआधीच दोन ‘बस’ नांदत होते : ‘बसणे’चे आज्ञार्थी रूप (जुने ‘बैसणे’) आणि फार्सीतून आलेला ‘पुरे’ या अर्थाचा ‘बस’. वाहनवाचक शब्दाचा या दोहोंशी संबंध नाही. त्याचे स्त्रीलिंग ‘गाडी’च्या प्रभावाने आले असावे. अनेकवचन ‘बसेस’ किंवा ‘बसगाड्या’. खास मराठी प्रत्ययाचे रूप रुजले नाही.

सोलापुरात कन्नड व तेलुगू शेजारी असल्याने हाच शब्द ‘बस्सु’ असा उकारान्तही ऐकू येतो. कर्नाटकाच्या गाड्या स्टँडवर नेहमीच्या असल्या, तरी त्यांना कोणी एसटी म्हणत नाही. राज्य परिवहनाची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुणे–अहमदनगर धावल्यापासून ‘एसटी’ (ग्रामीण उच्चार ‘यष्टी’) हे आद्याक्षरी नावच परगावच्या लाल गाडीला चिकटले. शहरातल्या शहरात फिरते ती ‘सिटी बस’. काचेमागे ‘पंढरपूर, मार्गे मोहोळ’ अशी पाटी लागली की ‘पंढरपूर लागली’ एवढेच म्हणतात. वाहनाचे नाव गळते, स्त्रीलिंग तेवढे राहते. आषाढीत सुटतात त्या ‘जादा गाड्या’, ‘जादा बस’ हा प्रयोग मुख्यतः छापील सूचनांत.