मराठीची अट वेगळी, मराठीची मदत वेगळी

कोल्हापुरातल्या सरकारी बँकेत बिहारचा किंवा आंध्रचा नवा अधिकारी येतो. ऊसबिल जमा झालं का, हे विचारायला आलेल्या कागलच्या म्हाताऱ्याचं बोलणं त्याला उमगत नाही. मग रांगेतून आवाज येतो, ‘मराठी येत न्हाई तर घेतलाच कशाला?’ राग रास्त आहे. पण त्या रागात दोन वेगळ्या मागण्या गुंतल्यात: भाषेची अट आणि भाषेची मदत.

अट माणसाला पारखते, आणि भाषा शिकायचा भार त्याच्यावरच टाकते. स्टेट बँकेत लिपिक व्हायचं तर ज्या राज्यासाठी अर्ज केला तिथली भाषा यावी लागते. दहावी-बारावीला ती शिकल्याचा पुरावा नसेल तर चाचणी द्यायची. नापास झाला तर नेमणूक नाही. हे बरोबरच आहे, कारण लिपिकाची भरतीच राज्यापुरती असते. प्रोबेशनरी ऑफिसरची भरती मात्र देशभरासाठी होते. आज कोल्हापूर, पुढं मदुराई. त्याला मराठीची अट घातली तर मदुराईकरांनी काय करायचं?

मदतीचा भार नेमणूक करणाऱ्यावर असतो. आलेल्या माणसाला कामापुरती भाषा शिकवायची, तीही कामाच्या वेळेत.

गोंधळ होतो तो राज्य सरकारच्या मराठी भाषा परीक्षेपाशी. अमराठी कर्मचाऱ्यांसाठी तिचे निम्नस्तर आणि उच्चस्तर असे दोन टप्पे आहेत, आणि मुदतीत पास न झाल्यास वेतनवाढ रोखली जाते. नोकरी लागल्यावर येते म्हणून ती मदत वाटते. पण नुसती परीक्षा घेणं म्हणजे शिकवणं नव्हे. ती अटच, फक्त उशिरा आलेली. खरी मदत पाहायची तर केंद्र सरकारची हिंदी शिक्षण योजना बघा: प्रबोध, प्रवीण, प्राज्ञ असे अभ्यासक्रम, वर्ग कार्यालयीन वेळेत, पास झाल्यावर पैशाच्या रूपात प्रोत्साहन. हिंदीसाठी हे सगळं जमतं, मग नेमणुकीच्या गावातल्या भाषेसाठी का जमू नये?

शिकवायचं काय, हेही बघायला हवं. पुस्तकी मराठीवर शाखा चालत नाही. सातबारा, आठ अ, वारस नोंद, जामीनदार, हयातीचा दाखला हे शब्द आधी. मग ‘पैसं पडल्यात का बघा की’ हे कानाला कळायला हवं.

दवाखान्यात हे आणखी नाजूक. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या पदव्युत्तर जागांपैकी निम्म्या अखिल भारतीय कोट्यातून भरतात, त्यामुळं कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या (छत्रपती प्रमिलाराजे) सरकारी रुग्णालयात परराज्यातले निवासी डॉक्टर येणारच. ‘ठणका’, ‘कळ’ आणि ‘आग’ यांतला फरक त्यांना कळला नाही तर निदानच हुकायचं. पण दारातच मराठीची अट लावली तर धारवाडचा डॉक्टरही बाहेर राहील, आणि निपाणीकडून आलेल्या कानडी रुग्णाशी बोलायला तोच तर हवा असतो. माणसं वेगवेगळ्या ठिकाणची असण्याचा फायदा हा असा रोकडा असतो.

कोल्हापूरला हा भेद नवा नाही. शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 ला संस्थानच्या नोकऱ्यांत मागास वर्गांसाठी 50 टक्के जागा राखल्या, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. 1901 पासून इथं एकामागून एक बोर्डिंगं उभी राहत होती. जागा दिली आणि त्या जागेपर्यंत पोचायची सोयही केली.

अट बदलायची तर भरतीचे नियम बदलावे लागतात, आणि ते दिल्ली-मुंबईत ठरतात. मदतीला तेवढं लागत नाही. म्हणून शाखेत निवेदन द्यायला जाल तेव्हा नुसतं ‘मराठी अधिकारी द्या’ असं लिहू नका. नव्या अधिकाऱ्याला पहिले तीन महिने रोज तासभर मराठी, आणि तोवर त्याच्या टेबलाशेजारी एक स्थानिक लिपिक, असं मागा. पहिल्या मागणीला ‘वर कळवतो’ एवढंच उत्तर मिळेल. दुसरीला, कधीपासून ते व्यवस्थापकालाच विचारता येईल.