वस्तुमान ताळेबंद (साखर कारखान्यातील)

प्रक्रियेत जेवढे वजन आत गेले तेवढे बाहेर आलेच पाहिजे, या नियमावर टप्प्याटप्प्याने मांडलेला हिशेब. यंत्रांत अडकलेला माल वाढत वा घटत नसेल, तर ती स्थिरावस्था. तेव्हा आवक आणि जावक समान धरता येते.

पहिले समीकरण गाळपाचे : ऊस + पाणी = मिश्र रस + बगॅस (रस काढल्यावर उरलेला चोथा). १०० टन उसावर ३० टन पाणी सोडले आणि रस १०० टन भरला, तर बगॅस ३० टन. पुष्कळ कारखान्यांत बगॅस काट्यावर जातच नाही, गिरणीतून थेट बॉयलरकडे जाते. तिचे वजन वजाबाकीने काढतात. रसाच्या काट्यात एक टक्का चूक झाली, की बगॅसच्या आकड्यात तीच तीन टक्क्यांहून मोठी होते.

बाष्पीकरणात पाणी उडते, विरघळलेले घन पदार्थ राहतात. वर मिळालेला रस १५ ब्रिक्सचा (ब्रिक्स म्हणजे वजनातील विरघळलेल्या घन पदार्थांचा टक्का) असेल, तर त्यात १५ टन घन. ६० ब्रिक्सचा पाक २५ टन भरणार आणि ७५ टन पाणी उडणार. वरून सोडले ३० टन, उडाले ७५. बाकीचे उसातलेच, कारण उसात सुमारे ७० टक्के पाणी असते. (निवळणीत निघणारा गाळ येथे सोडून दिला आहे.)

खरी गुंतागुंत पॅनवर, म्हणजे पाक आटवून साखरेचे दाणे पाडणाऱ्या भांड्यांवर. हे काम ए, बी, सी अशा तीन टप्प्यांत होते; दाणे काढून उरलेला द्रव म्हणजे मळी. ए मळी बी पॅनला जाते, बी मळी सी पॅनला. सी साखर वितळवून किंवा बीज म्हणून मागे फिरते. हे फेरे एकेक मोजत बसण्यापेक्षा सगळ्या पॅन विभागाभोवती एकच सीमा आखावी : आत पाक, बाहेर साखर, अंतिम मळी आणि वाफ. पॅन मात्र सलग नव्हे, घाणी-घाणीने (एकेक खेप भरून) चालतात, म्हणून काटेकोर स्थिरावस्था तेथे नसतेच. रोजच्या उताऱ्यासाठी (उसाच्या वजनावर मिळालेल्या साखरेचा टक्का) टाक्यांतला शिल्लक माल मोजून हिशेबात धरावा लागतो.

साखरेचा (पोलचा; पोल म्हणजे प्रकाशाच्या चाचणीने मोजलेली साखर) ताळेबंद वेगळा. उसात १३ टन पोल असेल, तर बगॅसमध्ये ०.६, गाळात ०.०७, मळीत १.३५ आणि ‘अज्ञात घट’ ०.१ टन जाऊन पोत्यात सुमारे १०.९ टन येते. अज्ञात घट म्हणजे गळती, उडालेले रसकण, उलटलेली (ग्लुकोज-फ्रुक्टोजमध्ये मोडलेली) साखर आणि मोजमापाच्या चुका, सगळेच.

या उताऱ्यावर उसाची एफआरपी, म्हणजे शेतकऱ्याला द्यावयाचा केंद्राने ठरवलेला किमान दर, ठरते. २०२२-२३ पासून तिचा पायाभूत उतारा १०.२५ टक्के आहे. बी-हेवी मळी (सी पॅनला न जाता बी टप्प्यावरच काढलेली, जास्त साखर असलेली मळी) इथेनॉलकडे वळवली की पोत्यातली साखर घटते, त्यामुळे एफआरपीसाठी ती साखर पुन्हा उताऱ्यात मिळवावी लागते.